आबांचा खराटा, अण्णांची चंची

१६ फेब्रुवारी २०१५, सोमवार. सकाळपासून टीव्हीवर कोल्हापूर दिसत होतं. सकाळी फिरून घरी परतणाऱ्या गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. अण्णा फोनवर आधी ‘जेवलीस का’ विचारतात, वेळ कुठलीही असो. त्या दिवशी नुसतं म्हणाले, “आबा गेले गं.”

कोण आबा, हे मी विचारलं नाही. आमच्या भागात घराआड एक आबा असतो, पण नुसतं ‘आबा’ म्हणून पुढं काही न बोलता माणूस गप्प झाला, तर तासगावच्या बाजूला त्याचा अर्थ एकच. आर. आर. पाटील. रावसाहेब रामराव पाटील, अंजनीचे. मुंबईत लीलावती रुग्णालयात, तोंडाच्या कर्करोगानं, वयाच्या ५७ व्या वर्षी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामसेवक होते. गावोगावी ग्रामसेवकाला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. त्या नावात मान असतो आणि थोडी चेष्टाही. आबांशी अण्णांची ओळख अशी नव्हतीच. जिल्हा परिषदेच्या आवारात एकदा आणि एका बक्षीस समारंभात एकदा, एवढंच जवळून पाहिलेलं. तरीही अण्णांच्या नोकरीतली सात-आठ वर्षं आबांनी व्यापली होती. मंत्र्याचं आयुष्य लिहायचं तर लोक मंत्रालयापासून सुरुवात करतात. मला ते आमच्या ओसरीवरून दिसलं, म्हणून तिथूनच लिहिते आहे.

आबांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ चा. अंजनी हे तासगाव तालुक्यातलं कोरडवाहू गाव. आज तासगाव म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि बेदाणा आठवतो, हिरव्या जाळीखालचे रॅक आठवतात. पण हे सगळं नंतरचं. सावळजकडं, कवठेमहांकाळकडं जसजसं सरकाल तसा पाऊस हात आखडता घेतो. त्या मुलखात ज्याचं बालपण गेलं त्यानं ७२ चा दुष्काळ पंधराव्या वर्षी अंगावर घेतला असणार, हे सांगायला चरित्र वाचावं लागत नाही. रोजगार हमीच्या कामावर राबलेला, सांगलीच्या शांतिनिकेतनात ‘कमवा आणि शिका’तून बी.ए. झालेला, पुढं वकिलीची पदवी घेतलेला हा मुलगा १९७९ मध्ये सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेला. तेव्हा तो २२ वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला असेल. अकरा वर्षं तिथं काढून १९९० ला विधानसभेत. त्यानंतर १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४. एकूण सहा वेळा, मध्ये एकदाही खंड नाही.

अण्णा म्हणायचे, “आबांना जिल्हा परिषदेचं दप्तर माहीत होतं, म्हणून पुढचं सगळं जमलं.” ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ म्हणजे काय, घरपट्टी वसूल का होत नाही, ग्रामसभेच्या ठरावावर सह्या कशा गोळा होतात, बीडीओ कधी येतो आणि कधी आल्यासारखं दाखवतो, हे ज्याला जिल्हा परिषदेत बसून कळलंय असा माणूस १९९९ च्या ऑक्टोबरात ग्रामविकास मंत्री झाला. राष्ट्रवादी काँग्रेस त्याच वर्षी स्थापन झालेली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री. ग्रामविकास हे खातं कुणी भांडून मागून घ्यावं असं नव्हतं. महसूल, सिंचन, सार्वजनिक बांधकाम यांच्यापुढं त्याची काय मातब्बरी.

आणि तिजोरीही रिकामी होती. पुढं जे घडलं ते पैसे नव्हते म्हणूनच घडलं, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीचा अनुभव अण्णांनी अनेकदा सांगितलाय. शौचालयासाठी अनुदान यायचं. उद्दिष्ट यायचं. भाऊसाहेब लाभार्थी शोधायचे, गवंडी शोधायचे, फोटो काढायचे, दप्तरात शौचालय पूर्ण व्हायचं. सहा महिन्यांनी बघावं तर आत सरपण, शेणी, नाहीतर शेळी. लोकांची चूक म्हणावी तर लोकांनी ते मागितलंच नव्हतं. सरकारनं बांधून दिलेली खोली, ती सरकारचीच.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं २००० मध्ये हा हिशोब उलटा केला. आधी पैसे नाहीत. गावानं आपलं आपण झाडायचं, गटारं काढायची, उकिरडे हलवायचे, शोषखड्डे खणायचे, शौचालयं बांधायची. मग समिती येणार, गुण देणार. पंचायत समितीच्या पातळीवर बक्षीस, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. गावागावांत स्पर्धा. नाव गाडगेबाबांचं. डेबूजी झिंगराजी जानोरकर, शेंडगावचा परीट, १८७६ ला जन्मलेला आणि १९५६ ला अमरावतीजवळच्या रस्त्यावर देह ठेवलेला. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायची, हा ज्याचा नेम, त्याचं नाव सरकारी योजनेला देण्यात एक शहाणपण होतं. बाबांच्या नावानं हाक मारली की खराटा हातात घ्यायला पाटलालाही कमीपणा वाटत नाही. नाहीतर झाडू कुणाच्या हातात असायचा, हे आपल्या गावांत जातीनं ठरवून ठेवलेलं होतं.

अण्णांची तेव्हा नेमणूक मिरज तालुक्यातल्या एका गावी होती आणि आम्ही तिथंच राहायचो. मी आठवीत. दवंडी पिटली गेली. पहिल्या दिवशी श्रमदानाला अकरा माणसं आली, त्यात अण्णा, दोन शिक्षक, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि आम्ही शाळेची पोरं सोडली तर गावकरी म्हणावेत असे तिघंच. आठव्या दिवशी मात्र वेस ते मारुतीचं देऊळ इतकी माणसं होती की खराटे कमी पडले, लोक तुरीच्या काट्यांच्या झाडण्या बांधून आले. मध्ये काय झालं? शेजारच्या गावात गटारं काढून झाली, अशी बातमी आली. बस्स. “त्यांच्याच्यानं हुतंय आन् आपल्याच्यानं हुईना व्हय?” हे वाक्य मी पारावर माझ्या कानांनी ऐकलंय. त्या गावाशी आमच्या गावाची कुस्तीच्या फडापासून चुरस होती. आबांच्या योजनेनं ती चुरस उचलली आणि गटाराला लावली.

समिती यायची त्या दिवशी गाव लग्नघरासारखं दिसत होतं. दारोदारी सडा, रांगोळ्या, भिंतींवर गेरूनं लिहिलेली वचनं, झाडांच्या बुंध्यांना चुना. शाळेतल्या पोरींना लेझीम. आईनं आमच्या न्हाणीचं पाणी ज्या परसबागेत सोडलं होतं तिथं अळू तरारलं होतं आणि समितीतल्या एका बाईंनी त्याच्याकडं बघून मान डोलावली, हे आई अजून सांगते. आम्हाला जिल्ह्यात नंबर मिळाला नाही. पंचायत समिती गटात मिळाला. अण्णांनी ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं. त्यावर त्यांचं नाव नाही, गावाचं आहे, तरी ते आमच्या घरात होतं. बदली झाली तेव्हा त्यांनी ते कार्यालयात परत लावलं आणि त्याचा फोटो काढून ठेवला.

केंद्र सरकारनं २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला, तो याच वाटेवरचा: आधी गाव हागणदारीमुक्त करा, मग बक्षीस घ्या. देशानं महाराष्ट्राकडून घेतलेल्या गोष्टींत रोजगार हमीचं नाव पहिलं येतं, तसं माझ्या मते या अभियानाचंही यायला हवं.

मुलगी म्हणून मला यात आणखी एक दिसतं. आमच्या बायका अंधार पडायची वाट बघायच्या. दिवसभर पाणी कमी प्यायच्या. रस्त्याकडेला बसलेल्या बाया, एसटीचे दिवे पडले की पदर तोंडावर घेऊन उठून उभ्या राहायच्या, गाडी गेली की पुन्हा बसायच्या. मीही उभी राहिलेय. ज्या वर्षी घराघरात शौचालय झालं, त्या वर्षी हे उभं राहणं थांबलं. हे मी कुठल्याही मंत्र्याच्या नावावर आयुष्यभर लिहून ठेवीन.

पण त्याच मोहिमांच्या ओघात ‘गुड मॉर्निंग पथक’ही आलं. पहाटे टॉर्च आणि शिट्ट्या घेऊन माणसं पाणंदीत उभी राहायची आणि टमरेल घेऊन बसलेल्यांना उठवायची, गुलाबाचं फूल द्यायची, कधी नावं फळ्यावर लिहायची. ज्याच्याकडं शौचालयापुरतीही जागा नाही अशा माणसाचं नाव फळ्यावर आलं, की तो हसून साजरं करत नाही. एका पहाटे एका म्हातारीवर टॉर्च पडली. ती चार दिवस घराबाहेर आली नाही. पथकात अण्णाही होते. त्या दिवशी दुपारी ते जेवले नाहीत, आणि पुढं पथकात असले तरी टॉर्च त्यांनी कधी हातात घेतली नाही.

गाव कशानं हलतं, हे आबांना पुरतं कळलं होतं, असं मला वाटतं. शासन निर्णयानं हलत नाही. चार माणसांदेखत मान मिळणार असेल तर हलतं, आणि चार माणसांदेखत मान खाली जाणार असेल तरी हलतं. त्यांनी जे उभं केलं ते या चार माणसांच्या जोरावर. आणि ते जिथं चुकले, तिथंही मला हीच चार माणसं दिसतात.

२००४ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले, गृहखातं त्यांच्याकडंच. पोलीस भरतीचं नाव काढलं की आमच्या भागात आजही लोक आबांचं नाव घेतात. पहाटे तासगाव-विटा रस्त्यावर पळणारी पोरं मला आठवतात, अनवाणी, बनियनवर. वशिला आणि पाकीट यांशिवाय खाकी मिळते, हा विश्वास शेतमजुराच्या घरापर्यंत पोचला होता. माझ्या वर्गातले दोघं असे भरती झाले. एकाचे वडील अण्णांकडं रहिवासी दाखला न्यायला आले तेव्हा दाखल्याची फी सोडून खिशात वेगळे पैसे घेऊन आले होते, द्यावे लागतील म्हणून. कुठंच द्यावे लागले नाहीत, हे सांगायला ते पेढे घेऊन परत आले.

१५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना तीच: गावातलं भांडण गावात मिटवा, कोर्टाच्या पायऱ्या वाचवा, गावाला लोकसंख्येप्रमाणं बक्षीस घ्या. ग्रामसभेत समिती, अध्यक्ष, बीट हवालदार, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. अण्णांच्या दप्तरात आणखी रजिस्टरं वाढली. बांधाची भांडणं, पाटाच्या पाण्याची, भावकीच्या वाटणीची. बांध कोरला म्हणून वीस वर्षं न बोलणारे दोन चुलतभाऊ समितीपुढं बसले, अण्णांनी टेप धरला, हद्द ठरली, आणि दोघांनी एका बशीतला चहा घेतला. अण्णांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. वकिलाच्या फीपायी जमीन गहाण टाकलेली कुटुंबं ज्यांनी पाहिलीत त्यांना या योजनेची किंमत सांगावी लागत नाही.

सगळी भांडणं मात्र सारखी नसतात. बांधाच्या भांडणात दोन्हीकडं बांध असतो. नवरा मारतो म्हणून आलेली बाई आणि तिचा नवरा यांच्यात तसं काही नसतं. समितीत बसणारी माणसं गावातलीच, त्यातली निम्मी नवऱ्याच्या भावकीतली. “मिटवून घे पोरी, गावाचं बक्षीस जाईल,” हे बोललं गेलंय. एका पानावर अण्णांनी ‘तडजोड झाली’ असं लिहिलं आणि खाली सही केली, ते पान त्यांना निवृत्तीनंतरही आठवतं. मी विचारलं होतं, “कुणाची तडजोड झाली?” तर म्हणाले, “तिची.” दलित वस्तीच्या बाबतीत तर विचारूच नये. बक्षिसाच्या लोभानं गावं जवळ आली हे खरं आहे. ज्याच्या वाट्याला आधीच कमी बोलणं होतं त्याला आणखी गप्प बसवलं गेलं, हेही खरं आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. गाव म्हणजे काय असू शकतं, हे त्या वर्षी महाराष्ट्रानं बघितलं होतं. त्यानंतर पेटलेल्या आंदोलनांमागं नक्षलवादी असल्याचं गृहमंत्री म्हणून आबा बोलले, तेव्हा दुखावलेल्यांच्या जखमेवर ते मीठ होतं. ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

डान्सबारबंदी २००५ ची. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला. आमच्या भागातल्या बायकांना ती बंदी मनापासून हवी होती. जमीन विकून आलेला पैसा पनवेलकडं जाऊन एका रात्रीत उधळला, अशा गोष्टी तेव्हा बाजाराच्या दिवशी ऐकू यायच्या. आईनं आबांना दुवा दिलेली मी ऐकलीय. मी तेव्हा आईच्या बाजूची होते.

पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर या विषयावर कोर्टात काय काय झालं ते मी वाचत गेले. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती बंदी रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. मोठ्या हॉटेलांत नाच चालेल आणि छोट्या बारमध्ये चालणार नाही, हा भेद कायद्यात टिकला नाही. आबांनी माघार घेतली नाही. जून २०१४ मध्ये विधिमंडळानं पुन्हा कायदा केला, या वेळी सगळ्यांना सारखा. त्यांचा हेतू स्वच्छ होता याबद्दल मला शंका नाही. पण त्या बारमध्ये नाचणाऱ्या हजारो बायकाही कुठल्यातरी अंजनीतूनच आल्या होत्या, त्यांच्याही घरी कुणी वाट बघत होतं, आणि त्यांच्या हातातलं काम एका दिवसात गेलं. ‘आपली पोरं बिघडतात’ या वाक्यात त्या बायका कुणाच्याच ‘आपल्या’ नव्हत्या. गावाच्या पारावरून मुंबई बघितली की असं होतं. आईला हे मी एकदा समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग उधळणाऱ्यांना धरायचं हुतं.”

आणि मग नोव्हेंबर २००८.

मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं गेली. साताऱ्याच्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक छातीवर झेलून त्याला धरलं. तेव्हा पत्रकारांशी हिंदीत बोलताना आबांच्या तोंडून, मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतात, अशा अर्थाचं वाक्य गेलं. टीव्हीवर ते दिवसभर फिरलं. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. आदल्या दिवशी दिल्लीत शिवराज पाटलांनी केंद्रीय गृहमंत्रिपद सोडलं होतं, आणि काही दिवसांत विलासरावांचंही मुख्यमंत्रिपद गेलं.

त्या वाक्याचं समर्थन मी करणार नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनी ते ऐकलं, एवढं पुरे आहे. पण मी ते वाक्य पुष्कळदा मनात घोळवलंय, कारण तो सूर माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडं मयताच्या घरी गेलेली माणसं असंच बोलतात. “व्हायचं ते झालं”, “असं हुतंच असतं”, “मोठ्ठं घर म्हटल्यावर चालायचंच.” धीर द्यायची ही गावाकडची रीत आहे, दुःख जरा लहान करून सांगायचं, म्हणजे ते उचलता येतं. ओसरीवर चालणारं ते बोलणं परक्या भाषेत, कॅमेऱ्यापुढं, जळत्या शहरासाठी वापरलं गेलं. ज्या माणसानं नुसत्या बोलण्याच्या बळावर अंजनीतून मंत्रालय गाठलं, सभा जिंकल्या, विरोधी बाकावरून सरकारला घाम फोडला, त्याचं पद एका वाक्यानं गेलं. अण्णा त्या दिवशी एवढंच म्हणाले, “मराठीत बोलायला पायजे हुतं.”

एक वर्षानं, नोव्हेंबर २००९ मध्ये, तेच खातं त्यांच्याकडं परत आलं. या खेपेला त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रिपद घेतलं. तिथं जायला अधिकाऱ्यांचे पाय मागं ओढतात. मंत्र्यांची गोष्ट सोडाच. त्याच वर्षी ऑक्टोबरात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले होते. २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी साडेसातला येरवड्यात कसाबला फाशी दिली गेली. त्याला आर्थर रोडवरून पुण्यात हलवलं, तयारी झाली, दिवस ठरला, आणि बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. मी तुरुंगापासून चार किलोमीटरवर राहत होते आणि मला ते टीव्हीवरून कळलं. जाहीर करायला आबा आले. त्या दिवशी ते मोजकं बोलले. त्यांच्या चेहऱ्याकडं बघताना मला चार वर्षांपूर्वीचं ते वाक्य आठवत होतं, आणि त्यांनाही आठवत असेल असं वाटत राहिलं.

डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ चा, पुण्यातला, ओंकारेश्वर पुलावरचा. गृहमंत्री आबाच होते. ते खातं सोडेपर्यंत मारेकऱ्यांचा माग लागला नाही. आणि आबा गेले त्याच दिवशी सकाळी कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तोवर सरकार बदललेलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या दोन बातम्या मी शेजारी शेजारी ठेवून किती वेळ बघत बसले होते.

आता तंबाखूचं.

आबांची सवय जगजाहीर होती. आमच्याकडं ती सवय मानलीच जात नाही. तंबाखूची चंची ही घड्याळासारखी, टोपीसारखी अंगावरची वस्तू. पाहुणा आला की पाण्यानंतर चंची पुढं होते. तळहातावर तंबाखू, नखानं चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन टाळ्या, चिमूट दाढेला. बांधाचं भांडण मिटलं की आधी तंबाखूची देवाणघेवाण होते, चहा मग. अण्णा चौदाव्या वर्षापासून खायचे. समितीच्या बैठका, श्रमदानाची पहाट, मार्चअखेरची वसुली, सगळं दाढेत बार धरूनच झालं. राज्यात गुटखाबंदी आली ती जुलै २०१२ मध्ये. त्याच मंत्रिमंडळात आबा होते. तंबाखू आणि चुना मात्र टपरीवर तसाच राहिला.

मला राहून राहून वाटतं, या एका बाबतीत चार माणसं उपयोगाची नव्हती. गटारासाठी गाव शेजारच्या गावाशी ईर्षा करतं. भांडणासाठी समिती बसते. पण दाढेतली चिमूट काढ म्हणून कुठलं गाव कुणाच्या मागं लागतं? उलट चारही माणसांच्या दाढेत तीच असते. तिथं माणूस एकटा पडतो, मग तो भाऊसाहेब असो की गृहमंत्री.

२ ऑक्टोबर २०१४ ला देशभर खराटे निघाले, स्वच्छ भारत सुरू झालं. टीव्हीवर झाडणारे मोठमोठे लोक दिसत होते. अण्णा बघत होते आणि अधूनमधून आईला सांगत होते, “हे आपल्याकडं दोन हजार सालीच.” आबा त्या दिवसांत मतदारसंघात होते, पंधरा तारखेला मतदान. ती शेवटची निवडणूक ते जिंकले. दोन-तीन महिन्यांत आजाराची बातमी आली.

१७ फेब्रुवारीला अण्णा अंजनीला गेले. एसटीनं तासगाव, तिथून पुढं कुणाच्या तरी टेम्पोत. गर्दी एवढी की शेवटचं अंतर सगळे चालतच होते. पोरं झाडांवर, माणसं माळावर, पोलीस बंदोबस्ताला. बंदोबस्तातले काही पोलीस डोळे पुसत होते, असं अण्णांनी सांगितलं. एक म्हातारा त्यांच्या शेजारी उभा होता. त्यानं चंची काढली, नेहमीप्रमाणं अण्णांपुढं धरली, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. त्यानं ती तशीच खिशात ठेवली. दोघं काही बोलले नाहीत.

पुढचं सगळं सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली, आबांच्या पत्नी सुमनताई लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या, २०१९ ला पुन्हा. २०२४ ला मुलगा रोहित पंचविसाव्या वर्षी आमदार झाला. घराण्याच्या राजकारणाबद्दल माझी मतं वेगळी आहेत आणि आमच्याकडं त्यावरून वाद होतात. आई म्हणते, आबांनी घर भरलं नाही, मग लोकांनी त्यांचं घर सांभाळलं तर तुझं काय जातं. मला यावर अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.

अंजनीहून आल्यावर अण्णांनी चंची देवळीत ठेवून दिली. सत्तावीस दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा घेतली. मग पाडव्याला सोडली, बेंदराला घेतली. असं तीनदा झालं. २०१८ मध्ये दाताच्या डॉक्टरांना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासायला दिला, आठ दिवसांनी अहवाल आला. अजून काही नाही, पण आता सोडाच, असं डॉक्टर म्हणाले. त्या आठ दिवसांत अण्णा रोज पहाटे उठून दारापुढचा रस्ता झाडायचे, आमच्या दारापासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत. आई आत बसून खराट्याचा आवाज ऐकत राहायची. मी सुट्टी घेऊन आले होते. मीही ऐकायचे.

चौथ्यांदा सोडली ती सुटली. दर सहा महिन्यांनी तोंड तपासायला सांगलीला नेते मी त्यांना. चंची अजून त्यांच्या कमरेला असते, आईनं तिला नवी दोरी ओवून दिलीय. आत बडीशेप असते. दुपारी जेवण झालं की अण्णा ओसरीवर बसतात, चंची सोडतात, बडीशेप तळहातावर घेतात, आणि तोंडात टाकायच्या आधी अंगठ्यानं ती मळतात.